‘आत्ताचे हवामान’ नेमके कोठले आणि केव्हाचे?

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या परिसरात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, सांबा हंगामाचे भात ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात शेतात उभे असते. या दिवसांत कीडनाशकाची फवारणी दोन सरींमधली उघडीप साधूनच करावी लागते. तेथे उद्याच्या अंदाजाइतकीच या घटकेच्या वाऱ्याची व पावसाची माहिती मोलाची ठरते.

ही माहिती वेब एपीआयद्वारे मिळविता येते. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्यास ठरावीक साच्यात प्रश्न विचारण्याची सोय. कुंभकोणमचे अक्षांश-रेखांश (सुमारे १०.९६ उत्तर, ७९.३८ पूर्व) पाठविले की तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांचे आकडे क्षणात परत येतात. ‘ओपन-मेटिओ’ ही सेवा अव्यावसायिक वापरासाठी नोंदणीविना खुली आहे; ‘ओपनवेदरमॅप’साठी नोंदणी करून सांकेतिक किल्ली घ्यावी लागते.

आकडे मिळविणे सोपे. खरी मेख एककांत आहे. ओपनवेदरमॅप काही न सांगितल्यास तापमान केल्विनमध्ये देते. ३०३ हा आकडा पाहून चूक लगेच ध्यानात येते. वाऱ्याचे तसे नाही. मेट्रिक एकके मागितली, तरी ही सेवा वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात देते. ओपन-मेटिओ मात्र तो ताशी किलोमीटरमध्ये देते. त्यामुळे ‘५’ हा आकडा एकीकडे मंद झुळूक, तर दुसरीकडे ताशी १८ किलोमीटरचा वारा ठरतो. अशा वाऱ्यात फवारा शेजारच्या खाचरात जातो. औषध वाया जाते ते वेगळेच.

वेळेचीही तीच गत. ओपन-मेटिओ मूलतः ग्रिनिच वेळ देते. भारतीय वेळ त्याहून साडेपाच तास पुढे असते. शिवाय तिचे ‘सध्याचे’ आकडे हे गणिती प्रारूपातून काढलेले असतात, शेतातील उपकरणाने मोजलेले नव्हेत. कुंभकोणमवर सर कोसळत असताना पर्जन्यमान शून्य दिसू शकते. म्हणून नजीकच्या केंद्रातील प्रत्यक्ष नोंदीशी पडताळा घ्यावा. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाची महसूल मंडळ स्तरावरील स्वयंचलित केंद्रे त्या कामी उपयोगी आहेत.

सल्ला-प्रणाली तयार करणाऱ्यांनी प्रत्येक आकड्यासोबत एकक व नोंदीची वेळ जतन करावी. नोंद तासाभराहून जुनी असल्यास ‘फवारणीस अनुकूल’ हा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाऊच देऊ नये.