फीत कुठे थांबली आहे?

मुळशी म्हटलं की धरण, 1921चा सत्याग्रह, सेनापती बापट आणि ताम्हिणीचा पाऊस आठवतो. माण-हिंजवडीच्या शिवारात एमआयडीसीने उभारलेलं राजीव गांधी इन्फोटेक पार्कही याच तालुक्यात येतं, हे तिथे रोज जाणाऱ्यांच्याही चटकन ध्यानात येत नाही. संगणकाच्या या दुनियेत चुंबकीय फीत केव्हाच इतिहासजमा झाली असेल, असा अनेकांचा समज असतो. तो खोटा आहे.

बॅकअपच्या धंद्याशी पुण्याचं नातं जुनं आहे. नेटबॅकअप हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या वेरिटासचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होतं. वेरिटासमध्ये काम केलेल्या अभियंत्यांनी 2008मध्ये पुण्यातच द्रुवा ही कंपनी काढली आणि पुढे ग्राहकांना सांगितलं, की फितींचा पसारा आवरा, बॅकअप क्लाउडवर ठेवा. म्हणजे फीत चालवणारी आणि फीत घालवणारी, दोन्ही डोकी एकाच शहरातली.

तरी फीत टिकली. ‘एलटीओ’ या प्रकारच्या फितींच्या, 2021मध्ये बाजारात आलेल्या नवव्या पिढीच्या (एलटीओ-9) एका काडतुसात 18 टेराबाइट माहिती मावते. तळहातावर राहील एवढ्या त्या डबीत अर्धा इंच रुंदीची 1035 मीटर फीत गुंडाळलेली असते. तिच्यावर 8960 माग (ट्रॅक), पण एका वेळी लिहिले जातात 32. त्यामुळे फीत भरेपर्यंत ती ड्राइव्हच्या वाचन-लेखन डोक्याखालून 280 वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. हिशेब केला तर पुण्याहून मुंबईला जाऊन परत येण्याइतकं अंतर! सेकंदाला 400 मेगाबाइटच्या पूर्ण वेगानेही त्याला साडेबारा तास लागतात. मागून माहिती संथ आली, तर फितीला थांबून, मागे येऊन पुन्हा धावावं लागतं. वेळ जातो आणि फीतही झिजते.

लिनक्सवर ही फीत ‘एमटी’ नावाच्या हुकमाने चालते. हार्डडिस्कवर फाइलला नाव असतं; साध्या फितीवर असतो फक्त क्रम. ‘टार’ या हुकमाने एक संग्रह लिहून संपवला, की मागे एक खूण पडते. तिसरा संग्रह हवा असेल, तर ‘रिवाइंड’ करून ‘एफएसएफ 2’ म्हणायचं, म्हणजे दोन खुणा ओलांडून फीत तिथे उभी राहते. मागे जाणाऱ्या ‘बीएसएफ’मध्ये मात्र मेख आहे: डोकं खुणेच्या अलीकडच्या बाजूला थांबतं, वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून जाणते लोक आधी ‘स्टेटस’ विचारतात आणि फाइल क्रमांक, ब्लॉक क्रमांक बघूनच पुढचं पाऊल टाकतात.

खरा घात होतो एका अक्षराने. एकाच ड्राइव्हला लिनक्समध्ये दोन नावं असतात, ‘एसटी0’ आणि ‘एनएसटी0’. पहिल्या नावाने काम केलं, तर ते संपताच फीत आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने ती आहे तिथेच थांबते. सोमवारचा बॅकअप ‘एसटी0’वर लिहिला आणि मंगळवारचाही तसाच लिहिला, तर मंगळवार सोमवारच्या उरावर बसतो. एकही इशारा येत नाही. सोमवारचा काही भाग फितीवर पुढे शिल्लक असला तरी नव्या लेखनाच्या शेवटापलीकडे ड्राइव्ह सहसा जातच नाही. इतक्या विध्वंसक फरकासाठी एका ‘एन’वर भिस्त ठेवणाऱ्यांचं मला आजही नवल वाटतं.

अनेक फिती असल्या की यंत्रहात लागतो. त्याला ‘एमटीएक्स’ हुकूम देतो: पाचव्या खणातली फीत ड्राइव्हमध्ये घाल, काम झालं की परत ठेव. काही यंत्रांत आधी ‘एमटी’नेच ‘ऑफलाइन’ म्हणावं लागतं, नाहीतर हात ड्राइव्हपाशी अडून बसतो.

या सगळ्यात मोलाचा हुकूम बाहेर काढण्याचा. फेब्रुवारी 2011मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं एकापेक्षा अधिक प्रतींतून नाहीशी झाली. असे ग्राहक गूगलच्या म्हणण्याप्रमाणे 0.02 टक्के होते, आणि त्यांची पत्रं फितींवरून परत आणावी लागली. जाळ्याला जोडलेल्या प्रतींपर्यंत दोष पोहोचतो, खंडणीखोर व्हायरसही पोहोचतो. कपाटातल्या काडतुसापर्यंत तो पोहोचत नाही.

कपाट कुठलं, हा प्रश्न मात्र मुळशीत गंभीर आहे. फिती दीर्घकाळ ठेवायच्या तर तापमान साधारण 16 ते 25 अंश आणि आर्द्रता 20 ते 50 टक्के असावी लागते. ताम्हिणीत जुलै 2024मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. हिंजवडीत एवढा पडत नाही, पण पावसाळ्यातली तिथली उघडी हवा फितीच्या कामाची नाही. वातानुकूलित खोलीचं वीजबिल म्हणूनच फितीच्या किमतीत धरायला हवं.

ड्राइव्हचंही तेच. एलटीओ-7 ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचायचा. एलटीओ-8 आणि 9 फक्त एकच पिढी मागे जातात. एलटीओ-5 फितीवर ठेवलेले हिशेब आज उघडायचे, तर नव्या ड्राइव्हपुढे ‘एमटी’चे सगळे हुकूम फुकट आहेत. त्यासाठी जुना ड्राइव्ह जपावा लागतो, नाहीतर तो चालू आहे तोवर माहिती नव्या फितीवर उतरवून घ्यावी लागते. बॅकअपच्या अंदाजपत्रकात या खर्चासाठी वेगळी ओळ क्वचितच दिसते.