मौर्य गेले, मग यज्ञही आले आणि लेणीही

इ.स.पू. १८५च्या सुमारास सेनापती पुष्यमित्राने शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला ठार केलं. साम्राज्य संपलं. नव्या राजांना सत्तेसाठी मान्यता हवी होती, ती यज्ञांनी दिली. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख जरूर पाहा! सातवाहनांच्या अश्वमेधांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची केवढी मोठी यादी!

पण म्हणून बौद्धांचा आश्रय तुटला असं मुळीच नाही. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्राला, ‘एकब्राह्मण’ (अद्वितीय ब्राह्मण) म्हणून गौरवते आणि त्याच लेखात ते लेणं बौद्ध भिक्षूंना दान देते. मला हा लेख विलक्षण वाटतो. नातू पुळुमावीने तर लेण्यासाठी गावही दिलं.