७३० मुठी

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाच्या, म्हणजे घरोघरी मूठमूठ धान्य जमवण्याच्या, हकिकती ऐकत वाढलेल्या माणसाला, दूर मिझो डोंगरांत एक ख्रिस्ती मंडळी घरोघरच्या मूठभर तांदळावर आपला प्रचाराचा खर्च भागवते असे कुणी सांगितले, तर ते प्रत्यक्ष पाहिल्यावाचून त्याला चैन पडणे कठीण. आणि त्यातच ऐजॉलमधील एका प्रेस्बिटेरियन मंडळीकडे वेल्सचे एक वृद्ध धर्माधिकारी रविवार घालवण्यास येणार असल्याचे कळले, तेव्हा जाण्याचे निमित्त आयतेच मिळाले.

या पाहुण्यांचे नाते जुने. १८९४ साली लॉरेन आणि सॅव्हिज या दोघा इंग्रज प्रचारकांनी येथे येऊन मिझो बोलीला रोमन लिपी दिली, आणि १८९७ साली वेल्स मिशनचे डी. ई. जोन्स आल्यावर कारभार त्यांच्या हाती गेला. आज त्याच वेल्समध्ये कित्येक प्रार्थनामंदिरांना कुलपे लागली आहेत आणि मिझो मंडळीच तिकडे प्रचारक धाडते. त्यामुळे हे आगमन म्हणजे इनाम गेलेल्या इनामदाराने आपल्या जुन्या कुळाचे भरलेले कोठार पाहण्यास येण्यासारखे होते, आणि पाहुण्यांच्या विनयशील मुद्रेवरून त्यांनाही ते पुरते उमगले असावे.

परंतु माझे लक्ष पाहुण्यांपेक्षा आदल्या संध्याकाळी भेटलेल्या एका बाईंवर खिळले. साठीच्या घरातील, ठेंगण्या, पाठीवर वेताची टोपली घेतलेल्या या बाई उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांनी एकेका घरी जात, आणि दारातली गृहिणी चुलीजवळचा झाकणाचा डबा आणून त्यांच्या टोपलीत रिता करी. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेतला की त्यातली एक मूठ या डब्यात पडते. याला मिझो लोक ‘बुहफाई थाम’ म्हणतात, आणि ही चाल १९१० च्या सुमारास सुरू झाली. “दिवसाला दोन, म्हणजे वर्षाला ७३०,” बाई दुभाष्या मुलाकरवी म्हणाल्या, आणि लीप वर्षाच्या दोन जास्तीच्या मुठी सांगावयासही विसरल्या नाहीत. टोपलीतला तांदूळ मी ओंजळीत घेऊन पाहिला: जाड, बारीक, तांबूस, जुना, नवा, कुठे तूसही राहिलेले, आणि सगळ्याला धुराचा मंद वास. कोणत्या घराचे दिवस बरे आहेत आणि कोणाचे ओढगस्तीचे, हे त्या मिश्र दाण्यांवरून जाणत्या डोळ्याला सहज वाचता आले असते. बाईंनी मात्र वहीत घराचे नाव आणि माप एवढेच टिपले. हा तांदूळ विकून येणारा पैसा मंडळीच्या जमेस लागतो.

रविवारी दुकाने बंद, रस्ते रिकामे. सकाळी प्रौढांचीसुद्धा शाळा भरते; नातवंडे असलेली माणसे पवित्र शास्त्रावरचे धडे घेऊन बाकांवर बसलेली पाहून मला मौज वाटली आणि थोडा हेवाही. दुपारी मुख्य उपासना. प्रारंभीच्या मिशनऱ्यांनी मद्यपानाच्या मेजवान्यांशी संबंध म्हणून दूर ठेवलेला खुआंग, म्हणजे लाकडी ढोल, आता व्यासपीठाजवळ सन्मानाने विराजमान होता, आणि त्याच्या ठेक्यावर सारी मंडळी ज्या एकसुरी, खोल, लांबणीच्या स्वरात गाऊ लागली तो ऐकून पाहुण्यांनी हातातले गीतपुस्तक मिटून ठेवले. त्यांचा उपदेश दुभाष्यामुळे दुप्पट लांबला आणि निम्माच पोहोचला. मग एक विणलेला पुआन, म्हणजे मिझो वस्त्र, त्यांच्या खांद्यांवर घालण्यात आला, छायाचित्रे झाली आणि जेवणे झाली.

व्यासपीठावर ‘उपा’ म्हणजे मंडळीचे वडील ओळीने बसले होते. झाडून सारे पुरुष. मंडळीच्या खर्चाचा ठराव, पाळकाची व्यवस्था, पाहुण्यांचा सत्कार, सारे त्यांच्या अखत्यारीतले. टोपलीवाल्या बाई स्त्रियांच्या बाजूला मागच्या रांगेत होत्या. पाहुण्यांनी आपल्या भाषणात “तुमच्या बायकांच्या मुठींनी” प्रचारकार्य उभे राहिले असे मोठ्या आदराने म्हटले, तेव्हा साऱ्या सभेने त्या बायकांना हसून मान दिला. आणि हा मान निर्विवादपणे खरा होता. तथापि, प्रशंसा निराळी आणि अधिकार निराळा. मी एका वडिलांना, तांदळाचे माप कोण घेते आणि पैसा कुठे जावा हे कोण ठरवते, असे विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ आले. दुसऱ्याचे, “आमची सभा” असे. आणि त्या सभेत बाया किती, यावर ते सौजन्याने, आणि काहीसे घाईने, हसले.

भाऊरावांच्या मुष्टिफंडातही मूठ बायकांचीच होती आणि हिशेबाची वही बव्हंशी पुरुषांच्या हाती, त्यामुळे आपण येथे न्यायाधीश होऊन बसण्याचे कारण नाही. परंतु वर्षाला ७३० मुठी देणाऱ्या घरातील बाईला वडिलांच्या बाकावर जागा नसावी, हे मला पटले नाही. ज्या मंडळीने परदेशी मिशनने दूर ठेवलेला ढोल स्वतःच्या हिमतीवर परत व्यासपीठाजवळ आणून ठेवला, तिला हे काम जड नाही.