जांभळाचा तुरटपणा आणि अधिवृक्काचा कारभार

मृगाच्या सरी येऊ लागल्या की विरार स्थानकाबाहेर आदिवासी बाया पानांच्या द्रोणांत जांभळे मांडून बसतात, आणि ती पालघर तालुक्यातल्या बहाडोलीची, भौगोलिक मानांकनाचा मान मिळालेली टपोरी जांभळे आहेत असे कळले की गाडी गाठण्याच्या घाईतला माणूसही क्षणभर थबकतो. पहिलेच जांभूळ तोंडात घोळवताना जीभ जांभळी होते आणि टाळूला जो तुरटपणा चिकटून बसतो, तो फळातील पॉलिफेनॉल द्रव्यांचा प्रताप होय. ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात, त्यामुळे लाळेचा ओशटपणा नाहीसा होऊन तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. रेस्वेराट्रॉल हे याच कुळातले द्रव्य. वनस्पती ते बुरशीच्या हल्ल्यापासून स्वतःच्या बचावासाठी तयार करते, आणि द्राक्षाच्या सालीत, शेंगदाण्यावरच्या तांबूस पापुद्र्यात व अल्पांशाने जांभळातही ते सापडते.

आता तोच माणूस फलाटावर येतो, आणि चर्चगेटची जलद लोकल पुरती थांबण्यापूर्वीच दांड्याला हात घालताना त्याच्या छातीत जी धडधड सुरू होते, तिचा उगम दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात असतो. तेथील पेशींत ॲड्रेनलीन सूक्ष्म पिशव्यांत भरून कोठारासारखे साठवलेले असते. मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या द्रव्याचा खलिता घेऊन येतो, त्यासरशी पेशीच्या आवरणातील दारे उघडून आधी सोडियम व मागोमाग कॅल्शियम आत शिरते, आणि कॅल्शियमची वर्दी पोचताच पिशव्या रक्तात रित्या होतात. हे ॲड्रेनलीन शुद्ध रूपात प्रथम हाती आले ते १९०० साली, अमेरिकेत काम करणारे जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहायक केइझो उएनाका यांच्या प्रयत्नाने. रेस्वेराट्रॉलही पुढे १९३९ च्या सुमारास मिचिओ ताकाओका या जपानी संशोधकानेच एका रानटी वनस्पतीतून वेगळे काढले, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो.

या दोन द्रव्यांची गाठ घालून देण्याचे कामही जपानातच झाले. २००७ साली तेथील संशोधकांनी गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतील पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर रेस्वेराट्रॉलचा प्रयोग केला, तेव्हा असे आढळले की ॲसिटिलकोलीनचा हुकूम पोचूनही सोडियम व कॅल्शियम यांचा प्रवेश मंदावतो आणि ॲड्रेनलीनच्या वर्गातील द्रव्यांचा स्राव घटतो. इतकेच नव्हे, तर ती द्रव्ये घडवणाऱ्या टायरोसीन हायड्रॉक्सिलेज या विकराचे कामही थंडावते. स्राव निम्म्यावर यायला एका लिटरमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम रेस्वेराट्रॉल लागले.

हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा निवाडा त्यावरच अवलंबून आहे. माणसाने गिळलेले रेस्वेराट्रॉल आतड्यातून बऱ्यापैकी शोषले जाते खरे, परंतु आतडे आणि यकृत हे असे जकातनाके आहेत की तेथून हे द्रव्य मूळ रूपात क्वचितच पुढे रवाना होते. त्याला सल्फेटची वा ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड लावून त्याचे रूपच पालटून टाकले जाते. २००४ साली अमेरिकेत स्वयंसेवकांना २५ मिलिग्रॅम रेस्वेराट्रॉल तोंडावाटे देऊन रक्त तपासले, तेव्हा मूळ रूपातले द्रव्य लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी भरले, म्हणजे काचपात्रातल्या त्या मात्रेच्या सुमारे नऊशेव्या हिश्शाहूनही कमी. आणि हे २५ मिलिग्रॅम तरी जांभळांतून मिळवायचे तर टोपलीभर फळेही पुरी पडणार नाहीत.

म्हणून प्रयोग खरा असला, आणि ग्रंथीचे दार कोठे व कसे अडते हे दाखवणारा म्हणून मोलाचाही असला, तरी त्याच्या बळावर मनःशांतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या रेस्वेराट्रॉलच्या महागड्या गोळ्यांना मी सनद देणार नाही. जांभळे जरूर खावीत, ती त्यांच्या चवीसाठी आणि रंगासाठी. मात्र गाडीची घाई नसताना, घरी स्वस्थ बसले असताही ज्याला वरचेवर धडधड, दरदरून घाम व डोकेदुखी यांचे झटके येतात आणि ज्याचा रक्तदाब एकाएकी चढतो, त्याने फळांवर वा गोळ्यांवर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अधिवृक्काच्या गाभ्यात क्वचित होणाऱ्या गाठीची लक्षणे नेमकी हीच असतात, आणि ही गाठ वेळीच सापडली तर शस्त्रक्रियेने बहुधा काढून टाकता येते.