मुलांपासून घर लपवावें काय?

मुंजींत बटूला 'श्यामची आई' भेट देण्याची चाल पुष्कळ सुशिक्षित घरांत आहे. चाल स्तुत्य खरी. परंतु वडील मंडळी त्यांतला एकच प्रसंग मुलांना पुनःपुन्हा ऐकवितात. न्हाल्यावर पायांना माती लागूं नये म्हणून आईनें पदर पसरला, तो. मातृप्रेमाचा पाठ झाला, कीं पुस्तक फडताळांत जातें.

साने गुरुजींनीं हें पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलें. १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्यांतलें घर देव्हाऱ्यांतलें नव्हे. भाऊबंदकीपायीं श्यामच्या आईबापांना राहतें घर सोडावें लागतें. कर्ज फुगत जातें, सावकाराचा माणूस दारांत बसून घरच्या लक्ष्मीला वाटेल तें बोलतो आणि अखेर गांवांत दवंडी पिटली जाते. श्याम स्वतः पुस्तकांसाठीं पैसे चोरतो. हीं प्रकरणें गाळून पुस्तकांत काय उरतें? ती माउली थोर ठरते ती याच घरांत.

'लेकरांच्या कानीं असलें कशाला?' असें कित्येक सुज्ञ गृहस्थ विचारतात. परंतु आपल्या पूर्वजांनीं कैकेयीचा हट्ट आणि द्यूतसभा मुलांपासून कधीं लपविली? महाभारत ही तर भाऊबंदकीचीच कथा! शिवाय शिक्षकाच्या अनुभवानें सांगतों, घरांतील ओढाताण मुलाला आधींच कळलेली असते. वाटणीची बोलणीं सुरू झालीं, कीं वर्गांतला हुशार मुलगा एकाएकीं गप्प होतो. त्याच्याजवळ नसतात ते फक्त शब्द. आणि ते त्याला असल्या पुस्तकांतच सांपडतात.

श्याम आपली कथा आश्रमांतल्या सोबत्यांना रात्रीं रात्रीं सांगतो. जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्वांनीं मिळून रोज एक रात्र मोठ्यानें वाचावी. सावकाराचें प्रकरण आलें तरी पानें उलटूं नयेत. मोळीवाल्या वृद्ध महारणीचा प्रसंगही टाळूं नये. मोळी तिच्या डोक्यावर द्यायला आई श्यामला पाठविते, आणि घरीं आल्यावर स्नान करावयास सांगते. तेथें नातवानें 'मग आंघोळ कशाला?' म्हणून विचारलें, तर आजोबांनीं चष्मा पुसत बसूं नये, उत्तर द्यावें.