गुग्गुळाचं झुडूप आणि माळढोक

ताईंनो, संध्याकाळी निखाऱ्यावर आपण गुग्गुळ टाकतो. तो येतो कच्छ, सौराष्ट्र, राजस्थानातल्या एका काटेरी झुडपातून. कागदासारखी सुटणारी साल, बारीक लालसर फुलं. सालीला चीर दिली की चीक पाझरतो. तो वाळला की झाला गुग्गुळ.

राजस्थानातल्या तशाच कोरड्या मुलखात माळढोक पक्षी राहतो. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज झुडूप आणि पक्षी, दोघंही जगाच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहेत. शब्द एकच, पण दुखणं वेगळं.

झुडूप चीक देण्याजोगं व्हायलाच आठ-दहा वर्षं लागतात. हलकी चीर दिली तर ते जगतं. पण जास्त चिकाच्या हावेपायी खोल घाव घालतात, रसायन लावतात. चीक भरपूर येतो आणि झुडूप वाळून जातं. आपल्या गटाच्या भाषेत, व्याजावर भागलं नाही म्हणून मुद्दलच उचललं! तरी याला उपाय आहे. पावसाळ्याच्या तोंडाला फांदीचा तुकडा रोवला की तो फुटतो. रोपवाटिका चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

माळढोकाचं तसं नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, तेही वर्षातून एकदा. कुत्र्यानं खाल्लं की त्या सालचं संपलं. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढं जड अंग, त्यात समोरचं नीट दिसत नाही. विजेची तार दिसेस्तोवर धडक बसलेली असते. तारा जमिनीखाली घ्यायचा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. देशात उरलेत दीडशेच्या आसपास. जैसलमेरकडे अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवतात.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. माळढोकाला झाडी नको असते. त्याला लांबवर नजर जाईल असं उघडं गवत लागतं. आपण त्याला 'पडीक' म्हणतो आणि हौसेनं खड्डे खणून रोपं लावतो. म्हणजे एकाला लागवडीनं जीवदान, तर दुसऱ्याचं लागवडीनं घर जातं.

तेव्हा ग्रामसभेत गायरानावर वृक्षारोपणाचा ठराव आला, तर सही करण्याआधी विचारा: इथं आधी काय होतं? गवत होतं का? शेरडं कुणाची चरतात? तित्तिर, चंडोल घरटी करतात का? रोपांना बांध आणि घराभोवतीची जागाही चालते.