चार नंबर आज बोलली

सकाळचा राउंड आटोपला की जळीत वॉर्डात ड्रेसिंगची ट्रॉली फिरू लागते. सिस्टर आधी दुखणं कमी करणारं इंजेक्शन देतात, ते भिनेपर्यंत थांबतात आणि मग कालची पट्टी सलाइनने भिजवत सावकाश सोडवतात. इतकं जवळ बसून कोणी हात लावला की माणूस बोलू लागतो. दाखल होताना 'स्टोव्हचा भडका उडाला' म्हणणारी बाई चौथ्या दिवशी पट्टी सुटता सुटता काडी कोणी ओढली ते सांगून टाकते.

मग हातातलं काम संपवून डॉक्टरांना सांगायचं, पोलिसांना कळवायचं. नायब तहसीलदार येतात, रुग्ण शुद्धीवर असल्याचा शेरा डॉक्टर देतात आणि नवा जबाब लिहिला जातो. १८७२च्या पुरावा कायद्यातलं मृत्युपूर्व जबाबाचं कलम ३२, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २६ झालं. कायद्याला तो जबाब कागदावर मिळतो. सिस्टरने मात्र तो त्याआधीच, हुंदक्यांसकट, ऐकलेला असतो.

वॉर्डात नावं फारशी कोणी घेत नाही. 'चार नंबर, साठ टक्के.' टक्के म्हणजे जळालेली त्वचा. मोठ्या माणसाचा एक पूर्ण हात नऊ टक्के धरतात. पार्कलंड सूत्राप्रमाणे ४५ किलोच्या त्या बाईला पहिल्या २४ तासांत शिरेतून १०,८०० मिलिलीटर द्रव, त्यातलं निम्मं जळाल्यापासूनच्या आठ तासांत. नंबराने बोलण्याला बाहेरचे लोक कोरडेपणा म्हणतात. नाव घेतलं की त्यामागे तिची दोन पोरंही येतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

तरी ती पोरं घरापर्यंत येतातच. एखादी सिस्टर गॅस पेटवायला नवऱ्याला हाक मारते. एखादीला केस जळाल्याचा वास भर बसमध्ये येतो. तिच्या स्वतःवर काहीच गुदरलेलं नसतं, म्हणून 'मला काय झालंय' हे तिलाच सांगता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५च्या पुस्तकात याला दुय्यम आघाताचा ताण म्हटलं. २००४मध्ये ब्रायन ब्राइड यांनी तो मोजायला सतरा विधानांची प्रश्नावली केली: नको असताना आठवणी येणं, टाळाटाळ, झोप उडणं, दचकणं. कामाच्या बोज्याने येणारा शिणवटा वेगळा. तो सुट्टीने थोडाफार उतरतो. इथे सुट्टीच्या रिकाम्या दुपारीच चार नंबर आठवते.

यावर वर्षातून एकदा सभागृहात प्राणायाम घेणं म्हणजे जळलेल्यावर फुंकर. त्यापेक्षा जळीत वॉर्डातली ड्यूटी ठरावीक काळाने बदलली, लहान मूल दगावल्यावर त्याच सिस्टरला लगेच पुढच्या ड्रेसिंगला उभं केलं नाही, तर बरंच साधतं. पण त्याला माणसं लागतात, आणि ड्यूटीच्या तक्त्यात तीच कमी.

दुपारी दोनला ड्यूटी बदलते. ओव्हर देताना ताप, लघवीचं माप, संपलेलं मलम, सगळं वाचून दाखवलं जातं. शेवटी वहीत नसलेलं एक वाक्य येतं, "चार नंबर आज बोलली."

नवी सिस्टर काही विचारत नाही. खुर्ची ओढते आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून जाणाऱ्या सिस्टरपुढे सरकवते.